शंभर डॉलरांनी हुकलेले जंगल

१९१६ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका जंगलाचा लिलाव झाला. मालक वारला होता, वारस अनेक होते आणि वाटणी करायची तर जमिनीचा पैसा होणे भाग होते. तुकडे एकेक करून पुकारले गेले. सगळ्यांचे डोळे मधल्या तुकड्याकडे होते. २८८ एकर, शुगर क्रीक नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या घळी आणि त्यांत कुऱ्हाड न लागलेली झाडे. हा तुकडा राज्याचे उद्यान व्हावा म्हणून वर्षभर धडपडणारी माणसे बोली लावत ३०,१०० डॉलरपर्यंत गेली. समोरून ३०,२०० आले आणि हातोडा पडला. घेणारी होती हूझिअर व्हेनिअर कंपनी, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे काढून फर्निचरवर चिकटवण्यासाठी विकणारी. सरळ वाढलेला, गाठी नसलेला, दोन माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा त्या धंद्यात सोन्यासारखा. ती जमीन त्यांनी कशासाठी घेतली हे वेगळे विचारायला नको होते.

ते जंगल म्हणजे आजचे टर्की रन उद्यान. आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत टर्की रनच्या सहलींची छायाचित्रे पानोपानी आहेत. झुलत्या पुलावर, शिड्यांवर, पाण्यात पाय सोडून बसलेली आपली मुले त्यांत आहेत. ज्या जागेने आपल्याला इतकी वर्षे असे सांभाळून घेतले तिचाही इतिहास स्मरणिकेत असावा असे संपादक मंडळाला वाटले आणि ते काम माझ्याकडे आले. मी इतिहासाची अभ्यासक नाही. वीस वर्षे मात्र त्या वाटांनी चालते आहे आणि त्या लिलावाची गोष्ट पहिल्यांदा वाचली त्या दिवसापासून तो शंभराचा आकडा डोक्यातून गेलेला नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. खडकातल्या अरुंद वाटेने, पाण्यातून पाय टाकत आम्ही आत शिरलो आणि भिंती दोन्ही बाजूंनी वर चढत गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "ही तर घळच की गं. शिवथरला असते तशी." मग वर पाहून, थोड्या वेळाने: "आणि एवढं जुनं रान कुणी तोडलं नाही, म्हणजे देवराईच. इथला देव कुठला?" मी हसून सोडून दिले होते. हा लेख लिहिताना कळले की त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. एवढे जुने रान आपोआप उरत नाही, कुणीतरी राखावे लागते.

आधी नावांचा खुलासा. हे उद्यान पार्क काउंटीत आहे आणि काउंटीचे ते नाव उद्यानावरून आलेले नाही. बेंजामिन पार्क नावाच्या इथल्या सुरुवातीच्या काळातल्या एका न्यायाधीशावरून ते पडले आहे. शुगर क्रीकला क्रीक म्हणतात, पण आपल्या डोळ्यांना ती नदीच दिसते. उन्हाळ्यात उथळ आणि संथ, वसंतातल्या पावसानंतर मातकट आणि भरलेली, पुढे वबाश नदीला मिळणारी. आणि टर्की रन? रन म्हणजे लहान ओढा. रानटर्की थंडीच्या दिवसांत या घळींच्या तळाशी, वाऱ्यापासून आडोशाला, ऊब शोधत जमायच्या, म्हणून हे नाव, असे एक म्हणणे. शिकारी त्यांना हाकत घळीत कोंडायचे, असे दुसरे. दोन्हींत घळ आहे आणि पक्षी आहेत. खरे कोणते याची मला फारशी फिकीर वाटत नाही.

घळी कोरल्या गेल्या त्या मॅन्सफील्ड नावाच्या वालुकाश्मात. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी जुन्या नद्यांनी आणून टाकलेली वाळू दबून घट्ट झाली आणि तिचा हा खडक झाला. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे हा त्याच्या चौपटीहून जुना, पण कितीतरी मऊ. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाचे पाणी लोटले आणि त्याने हा मऊ खडक कापून काढला. बर्फाने कॅनडाच्या बाजूने वाहून आणलेले कठीण गोटे आजही इथे पडलेले आहेत. बोल्डर कॅनियनमध्ये ते ढिगाने दिसतात. पंच बोल नावाच्या जागी असे गोटे पाण्याच्या भोवऱ्यात फिरफिरून खडकाला वाटीसारखा खळगा पडला आहे. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

बर्फ उत्तरेकडे परतले तरी त्या थंड काळाची काही झाडे इथेच मागे राहिली. हेमलॉक हा मुळात थंड, ओलसर डोंगरांतला सूचिपर्णी वृक्ष. मध्य इंडियानाच्या उन्हाळ्यात उघड्यावर त्याचा निभाव लागणार नाही, पण घळींच्या काठांवर, जिथे ऊन दुपारी थोडा वेळ डोकावते आणि खडक सतत पाझरत असतो, तिथे तो हजारो वर्षे तग धरून आहे. त्याच्या सोबतीला कॅनडा यू नावाचे पसरट झुडूप आहे. वर पठारावर बीच, ओक, काळा अक्रोड, ट्यूलिप आणि शुगर मेपल. व्हेनिअरवाल्यांचा डोळा होता तो या वरच्या झाडांवर.

मूळची ही भूमी मायामी, वेआ आणि त्यांच्या भाऊबंद जमातींची. १८०९ आणि १८१८ च्या तहांनी वबाशच्या खोऱ्यातला त्यांचा मोठा मुलूख सरकारजमा झाला आणि जमिनी वाटल्या जाऊ लागल्या. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आधी इथे थांबावे लागले. रान राखणारे पहिले लोक तेच होते आणि त्यांच्यासाठी कुणी वर्गणी गोळा केली नाही.

कॅप्टन सॅमन लस्क हा व्हर्माँटकडचा माणूस सैन्यातली नोकरी करून इथे आला. शुगर क्रीक जिथे दोन खडकांमध्ये आवळली जाते, ज्याला नॅरोज म्हणतात, तिथे त्याने १८२६ मध्ये पाण्यावर चालणारी गिरणी घातली. गिरणीभोवती वस्ती झाली. सपाट तळाच्या बोटी माल भरून शुगर क्रीकमधून वबाशला, तिथून ओहायोला आणि मिसिसिपीने थेट न्यू ऑर्लिन्सला जायच्या. १८४१ मध्ये लस्कांनी विटांचे पक्के घर बांधले. ते अजून उभे आहे. १८४७ च्या पहिल्याच दिवशी नदीला पूर आला आणि गिरणी वाहून गेली. ती पुन्हा उभी राहिली नाही. मला राहून राहून वाटते की या जंगलावरचा पहिला उपकार त्या पुराने केला. गिरणी चालत राहिली असती तर तिच्याभोवती गाव वाढले असते, गावाला लाकूड लागले असते, आणि घळींच्या तोंडाशी आज आपण गाड्या लावतो तिथे बाजारपेठ असती.

सॅमनचा मुलगा जॉन लस्क. देवराईचा देव शोधायचाच असेल तर तो हा. इंडियाना राज्य झाले तेव्हा राज्याच्या जमिनीचे पाचातले चार भागांहून जास्त जंगल होते. शतक संपता संपता दशांशही उरले नव्हते. काळा अक्रोड, ओक, ट्यूलिप यांचे ओंडके रेल्वेने बाहेर जात होते. इंडियाना हे कठीण लाकडाच्या धंद्यातले आघाडीचे राज्य होते आणि शेजारीपाजारी सगळे जंगल विकून शेत करत होते. लाकूडवाले जॉनकडेही आले, पुन्हा पुन्हा आले. त्याने नाही म्हटले. का म्हटले हे त्याने कुठे लिहून ठेवलेले नाही. तो व्याख्याने देणारा माणूस नव्हता. वडिलांच्या जमिनीवर, वडिलांच्या घरात तो राहिला आणि झाडे विकली नाहीत, एवढेच.

त्याने लोकांना मात्र अडवले नाही. १८८० च्या दशकात रेल्वे कंपनीने त्याच्याकडून जागा भाड्याने घेऊन सहलीचे ठिकाण काढले. जवळच्या गावावरून नाव ठेवले ब्लूमिंगडेल ग्लेन्स. उन्हाळ्यात तंबू उभे राहत, शहरातून माणसे येत, घळींतून हिंडत आणि परत जात. पुढे ठेकेदार बदलले, पण येणारे येत राहिले. म्हणजे ही जागा उद्यान होण्याच्या तीसेक वर्षे आधीपासून लोक तिला उद्यानासारखेच वापरत होते. सरकारी कागदावर नाव येण्याआधी लोकांच्या पायांनी ती नोंद केली होती. त्या येण्याजाण्यात जवळच्या रॉकव्हिल गावची एक मुलगीही होती, आणि तिच्यामुळेच पुढचे सगळे घडले.

ज्युलिएट स्ट्राउस. जन्म १८६३, रॉकव्हिल. नवरा गावच्या वर्तमानपत्राचा संपादक, दोन मुली, घरचे सगळे काम आणि त्यातून लिहिणे. 'इंडियानापोलिस न्यूज'मध्ये 'द कंट्री कंट्रिब्यूटर' या नावाने तिचा स्तंभ यायचा. 'लेडीज होम जर्नल' या देशभर खपणाऱ्या मासिकातही ती लिहायची. विषय अगदी घरगुती: स्वयंपाक, शेजारणी, पैशाची ओढाताण, खेड्यातल्या बाईचे मन. हजारो घरांत तिचे शब्द वाचले जात होते. खेड्यात राहून, चूल सांभाळून एवढा वाचकवर्ग मिळवणाऱ्या बाईविषयी मला मनापासून आदर वाटतो, आणि तिचे नाव आपल्या मुलांना माहीत नाही याची खंतही.

१९१५ मध्ये जॉन लस्क गेला. मिळकत विकणार हे उघड झाले. त्याच वसंतात ज्युलिएटने राज्याचे गव्हर्नर सॅम्युएल राल्स्टन यांना पत्र लिहून टर्की रन वाचवा अशी विनंती केली. राल्स्टन यांनी तीन जणांची समिती नेमली. त्यात ती स्वतः, विल्यम वॉटसन वूलन आणि व्हायडा न्यूसम. समिती होती, पैसा नव्हता. राज्याने जमीन घेऊन उद्यान करायचे ही कल्पनाच तेव्हा इंडियानात नवी होती.

इथे रिचर्ड लीबर गोष्टीत येतो. जन्म १८६९, जर्मनीतल्या सारब्रुकेनचा. विशीच्या सुरुवातीला इंडियानापोलिसला आला, वर्तमानपत्रात काम केले, व्यापार केला. पुढे त्याच्या घराला आग लागली, तेव्हा स्वतःचे नुकसान भरून काढण्यावर न थांबता तो शहराच्या अग्निसुरक्षेच्या सुधारणेमागे लागला. स्वभाव असा. इंडियानाला राज्याचा दर्जा मिळाला १८१६ मध्ये, म्हणजे १९१६ हे शताब्दीचे वर्ष. त्याच्या डोक्यात आले की शताब्दीला मिरवणुका निघतील, भाषणे होतील आणि विसरली जातील. त्यापेक्षा लोकांनी आपल्यासाठी काहीतरी कायमचे ठेवावे, जंगले विकत घेऊन राज्याच्या स्वाधीन करावीत. शताब्दीच्या आयोगाने उद्यान समिती केली, लीबर तिचा अध्यक्ष झाला आणि गावोगाव वर्गणी सुरू झाली.

दुसऱ्या देशातून, दुसऱ्या भाषेतून आलेल्या माणसाने इथल्या मातीची काळजी इथल्यांच्या बरोबरीने वाहावी, हे वाचताना मी थबकले. पुढच्याच वर्षी अमेरिका जर्मनीशी लढायला उतरली आणि जर्मन नावाच्या माणसांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. लीबरचे काम मात्र थांबले नाही. आपण इथे आलो तेव्हा हा देश आपला आहे की आपण पाहुणे आहोत हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. लीबरने त्याचे उत्तर कामाने दिले.

१९१६ च्या ४ जुलैला मॅकॉर्मिक्स क्रीक हे इंडियानाचे पहिले राज्य उद्यान झाले. टर्की रन पहिले व्हायचे होते, पण त्या शंभर डॉलरांनी घात केला होता. लिलाव झाल्यावर गर्दी पांगली. ज्युलिएटला तो धक्का फार लागला. लीबर मात्र कंपनीशी बोलणी करू लागला. कंपनीला लाकूड हवे होते आणि लाकडाची किंमत असते, तेव्हा जमीन पुन्हा विकत घेता येईल, असा त्याचा सरळ हिशेब. पैशासाठी पुन्हा दारोदार. इंडियानापोलिसच्या मोटार शर्यतींच्या मैदानाचे एक संस्थापक आर्थर न्यूबी यांच्यासारख्यांनी हात सैल सोडला. शेवटी ११ नोव्हेंबर १९१६ रोजी तोच तुकडा ४०,२०० डॉलरला राज्याकडे आला. सहा महिन्यांत दहा हजार जास्त. त्या सहा महिन्यांत एखाद्या सकाळी करवती लागल्या असत्या तर पुढे पैसा कितीही जमला असता तरी विकत घ्यायला खोडांचे बुडखे आणि चिखल उरला असता. झाडे उभी असताना व्यवहार झाला, म्हणून आज घळीच्या तोंडाशी तीनशे वर्षांच्या आसपासची झाडे आपण मान वर करून पाहतो.

ज्युलिएटला उद्यानाची दीडच वर्षे पाहायला मिळाली. १९१८ मध्ये ती गेली, पंचावन्न वर्षांची. इंडियानातल्या पत्रकार स्त्रियांनी तिच्या स्मरणार्थ मायरा रेनॉल्ड्स रिचर्ड्स या शिल्पकार बाईंकडून एक शिल्प करून घेतले आणि १९२२ मध्ये ते टर्की रनमध्ये उभारले. आपण सहलीला जातो तेव्हा डबे उघडण्याच्या घाईत त्याच्यावरून पुढे निघून जातो. पुढच्या खेपेस तिथे दोन मिनिटे उभे राहूया, एवढी माझी विनंती आहे.

लीबर १९१९ मध्ये राज्याच्या नव्या निसर्गसंवर्धन खात्याचा प्रमुख झाला आणि १९३३ पर्यंत राहिला. त्या चौदा वर्षांत त्याने जे नियम घालून दिले ते आजही इंडियानाच्या उद्यानांत पाळले जातात. पहिला नियम असा की उद्यानाने आपला खर्च शक्य तेवढा स्वतः उचलावा. म्हणून तेव्हा प्रवेशाला दहा सेंट ठेवले. यावर तेव्हा कुरकुर झाली. सार्वजनिक जंगलात शिरायला पैसे का, हा प्रश्न आजही कानावर येतो आणि गाडीमागे शुल्क भरताना आपणही तो विचारतो. लीबरचे म्हणणे होते की दरवर्षी विधिमंडळापुढे हात पसरून जगणारे उद्यान एखाद्या वाईट वर्षी मरते. वापरणाऱ्याने थोडे दिले तर ते उद्यान त्याचे होते. मला हे पटते. आपल्याकडे गडांवर प्रवेशशुल्क ठेवले की वाद होतात. त्या वादांतही हाच प्रश्न दडलेला आहे, आणि तो पैशापेक्षा मालकीचा आहे.

दुसरा नियम राहण्याच्या सोयीविषयी. टर्की रन इन १९१९ मध्ये उघडले, राज्य उद्यानांतल्या अगदी पहिल्या विश्रामगृहांपैकी एक. शहरातल्या माणसाने रात्र जंगलाशेजारी काढावी, साधे पण चांगले जेवावे आणि सकाळी चालायला निघावे, ही त्यामागची कल्पना. पाळणे आणि जत्रेतले खेळ तिथे नकोत, यावर लीबर ठाम होता. करमणुकीची जागा कुठेही उभारता येते, पण घळ जिथे आहे तिथेच असते. १९२३ मध्ये राज्य उद्यानांसाठी झटणाऱ्यांची राष्ट्रीय परिषद टर्की रनला भरली. सात वर्षांपूर्वी लिलावात हुकलेले जंगल तोवर इतर राज्यांनी येऊन शिकावे असे ठिकाण झाले होते.

जुन्या वस्तू जमवून आणण्याचीही तेव्हा चाल होती. १८४८ सालचे ट्यूलिपच्या ओंडक्यांचे एक घर उद्यानात आणून उभे केले. १८७१ सालचे लाकडी चर्चही आहे. तिथे उन्हाळ्यातल्या रविवारी अजून प्रार्थना होते. याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी पाहावे, घळी आधी पाहाव्यात.

घळींकडे जायचे तर नदी ओलांडावी लागते, कारण सगळ्यांत खडतर आणि सुंदर भाग पलीकडच्या काठाला आहे. १९१७-१८ मध्ये शुगर क्रीकवर झुलता पूल बांधला गेला. अरुंद आहे, दोन माणसे एकमेकांना वाट देत जातात, मधोमध आल्यावर तो हलतो आणि मुले मुद्दाम उड्या मारून तो हलवतात. या पुलावरून मोटार जात नाही, आणि उद्यानाच्या पुढच्या शंभर वर्षांचे बरेचसे श्रेय मी या गोष्टीला देते. पलीकडे पोहोचलेला प्रत्येक जण पायी पोहोचलेला असतो. त्याच्या हातात फार सामान नसते. थकला की तो परततो. गर्दी आपोआप गाळली जाते.

पायवाटा अकरा, मिळून चौदा मैलांच्या आसपास. आपल्या मंडळात मात्र "थ्री केली का?" एवढाच प्रश्न असतो. तिसऱ्या क्रमांकाची वाट लांबीला दोन मैलही नाही, पण तिच्यात वाट अशी थोडीच आहे. ओढ्याच्या पात्रातूनच चालायचे, शेवाळलेल्या खडकावर पाऊल जपून ठेवायचे, आणि घळ बंद झाल्यासारखी वाटली की समोर लाकडी शिडी. शिडीवर एका वेळी एकच जण. वरून उतरणारे थांबतात, खालून चढणारे चढतात, किंवा उलट. वर्षानुवर्षे पाहते आहे, तिथे कुणी कुणावर ओरडत नाही. अनोळखी माणूस दुसऱ्याच्या मुलाचा हात धरून त्याला शेवटच्या पायरीवरून उतरवतो. आपल्या मंडळातल्या एका काकांचा गुडघा शिडीच्या मध्यावर अडला होता. तेव्हा खालच्या तरुणाने खांदा दिला आणि वरच्या आजींनी हात दिला. सह्याद्रीत सांदण दरीत किंवा हरिहरच्या पायऱ्यांवर ज्यांनी अशी साखळी केली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल.

पावसानंतर ही वाट बंद होते. पुलाच्या तोंडाशी फलक लागतो आणि माणसे हिरमुसतात. पण घळीत पाणी किती झटकन चढते हे १८४७ ची गोष्ट माहीत असणाऱ्याला सांगावे लागत नाही.

नदीवरची मजा निराळी. वरच्या अंगाला शेड्स हे दुसरे राज्य उद्यान आहे. तिथल्या डीअर्स मिल पुलापासून कनू पाण्यात सोडली की संथ प्रवाहाबरोबर, उंच कड्यांच्या पायथ्याने, कासवे आणि बगळे पाहत दिवसभरात टर्की रनपर्यंत येता येते. शेवटी नॅरोजचा लाल झाकलेला पूल दिसतो. जोसेफ ब्रिटन या सुताराने तो १८८२ मध्ये बांधला. पुलावर छप्पर कशाला, असे आपल्या मुलांनी विचारले होते. लाकूड पाऊस आणि बर्फ खाऊन कुजू नये म्हणून. पार्क काउंटीत असे ३१ पूल उरले आहेत आणि १९५७ पासून ऑक्टोबरात त्यांचा उत्सव भरतो. त्या दहा दिवसांत रस्ते तुंबतात, म्हणून आपली सहल नेहमी त्याच्या आधी किंवा नंतर ठेवतो.

उद्यान मूळ २८८ एकरांवरून आज कित्येक पटींनी वाढले आहे. १९७४ मध्ये रॉकी हॉलो आणि फॉल्स कॅनियन या इथल्या घळींना राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. पण वाढलेल्या जागेबरोबर एक नवी अडचण आली, आणि ती लाकूडतोड्यांपेक्षा अवघड आहे, कारण तिच्याशी बोलणी करता येत नाहीत. हरणे. लांडगा आणि प्यूमा केव्हाच संपले, शिकारीला बंदी, आजूबाजूला मक्याची शेते. हरणांना याहून चांगले काय हवे? त्यांनी उद्यानांतले जमिनीलगतचे सगळे कोवळे खाऊन टाकले: रानफुले, यूची झुडुपे, झाडांची रोपे. वर दोनशे-तीनशे वर्षांची झाडे उभी, खाली त्यांच्या जागी येणारे एकही नाही, असे जंगल म्हातारे होत संपते. इंडियानाच्या उद्यानांनी १९९३ मध्ये ब्राउन काउंटीत नियंत्रित शिकारीने हरणांची संख्या कमी करायला सुरुवात केली आणि पुढे टर्की रनही त्यात आले. हिवाळ्याच्या तोंडाला काही दिवस उद्यान बंद असते ते यासाठी. आमच्या घरी यावरून बराच वाद झाला. सासूबाईंना ते अजिबात रुचले नव्हते आणि मला त्यांचे दुःख कळते. पण घळीच्या काठावर जमिनीकडे पाहत चालल्यावर मला दुसरा मार्ग सुचलेला नाही.

हेमलॉकच्या मागे आणखी एक संकट आहे. आशियातून आलेल्या एका सूक्ष्म, पांढऱ्या लोकरीसारख्या दिसणाऱ्या किड्याने पूर्व अमेरिकेतली हेमलॉकची रानेच्या राने वाळवली आहेत. टर्की रनचे हेमलॉक त्या मुख्य रानांपासून दूर, एकाकी आहेत. हिमयुगाने त्यांना असे वेगळे पाडले, आणि सध्या तरी तेच वेगळेपण त्यांना थोडा आडोसा देते आहे. बाहेरून जळणाचे लाकूड आणू नका, अशी जी विनंती उद्यानाकडून होते ती अशाच किड्यांसाठी. आपण शेगडी पेटवतो तेव्हा ती पाळतो, पुढेही पाळू.

लीबर १९४४ मध्ये गेला, तोही एका राज्य उद्यानातच, मॅकॉर्मिक्स क्रीकला. त्याच्या अस्थी टर्की रनला आणून झाडांखाली पुरल्या. पुढे पत्नी एम्माच्याही. तिथे फारसे कुणी जात नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो होतो त्या दिवशी सासूबाई तिसऱ्या वाटेवरच्या पहिल्या शिडीपाशी थांबल्या होत्या. वर चढणे त्यांना झेपणार नव्हते. आम्ही परत येईपर्यंत त्या एका पडलेल्या, शेवाळलेल्या ओंडक्याजवळ बसून होत्या. आल्यावर त्यांनी मला त्या ओंडक्यावर उगवलेले वीतभर हेमलॉकचे रोप दाखवले. हेमलॉकचे बी असेच रुजते, मेलेल्या झाडाच्या ओल्या अंगावर. "हे हरणांनी ठेवलं तर बघ," म्हणाल्या. त्या आता नाहीत. गेल्या ऑक्टोबरात मी पुन्हा गेले. ओंडका जवळजवळ मातीत मिसळला आहे. रोप माझ्या खांद्याला लागते.